मांजराच्या पंजाखालची जमीन : लिटर कसं निवडावं आणि नखं का काढू नयेत



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं की, लिटर आणि नखं असे दोन वेगळे विषय एकाच व्याख्यानात का घेताय? एक शी-शूचा प्रश्न, दुसरा सोफ्याचा. शंका रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. हे दोन्ही प्रश्न मांजराच्या पंजाचे आहेत. पंजाला एका कामासाठी भुसभुशीत माती लागते आणि दुसऱ्या कामासाठी खरखरीत, घट्ट, न हलणारं लाकूड लागतं. वाड्यातल्या, अंगणातल्या मांजराला दोन्ही फुकट मिळायचं. आपण त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं, जाळी लावली, दार लावलं. चांगलंच केलं, गाडीखाली जाण्यापासून वाचवलं. पण माती आणि झाड दोन्ही बाहेर राहिलं. मग ते तुळशीच्या कुंडीत शी करतं आणि सोफ्याचा हात ओरबाडतं. आपण म्हणतो, मांजर बिघडलं. मांजर बिघडलेलं नसतं. ते घरात सापडेल त्यातल्या त्यात बरी जमीन शोधत असतं.

एवढं धरून चला, मग पुढचं सोपं आहे.

आधी लिटर. शब्दाचा घोळ आहेच. दुकानात गेलात तर लिटरची पिशवी कुणी किलोने विकतं, कुणी लिटरने. ‘दहा लिटर लिटर’ असं म्हणायची वेळ येते. (हशा) पण हसण्यावारी नेऊ नका. वजनाची आणि आकारमानाची तुलना केलीत तर फसाल. मातीचं लिटर जड असतं, सिलिकाचं हलकं. पाच किलो मातीने ट्रे जेमतेम भरेल, तर पाच किलो सिलिका बरेच दिवस पुरेल. पिशवीवरची किंमत बघण्यापेक्षा ‘माझा ट्रे महिनाभर चालवायला किती लागतं’ हा हिशोब करा.

ही वस्तू तशी नवी आहे. १९४७ सालचा जानेवारी महिना, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं कॅसोपोलिस नावाचं छोटं गाव. एडवर्ड लो हा तरुण वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यांत जमिनीवर सांडलेलं तेल, ग्रीस टिपून घ्यायला भुसा, वाळू, मातीचे दाणे असा माल ते विकत. त्या काळी घरातल्या मांजरासाठी लोक खोक्यात वाळू किंवा राख ठेवत. थंडीत एका शेजारणीची वाळू गोठली. राख वापरली तर मांजराचे काळे पाय घरभर उमटायला लागले. म्हणून ती लो यांच्याकडे थोडी वाळू मागायला आली. त्यांनी वाळूऐवजी मातीचे दाणे दिले. ते तिला इतके आवडले की ती परत मागायला आली. मग लो यांनी दहा पिशव्या भरल्या, वर हाताने ‘किटी लिटर’ लिहिलं आणि दुकानदाराकडे नेल्या. दुकानदार म्हणाला, वाळू जवळपास फुकट मिळते, तर पासष्ट सेंट देऊन हे कोण घेईल? लो म्हणाले, मग फुकट वाटा. फुकट नेलेली माणसं पुढच्या खेपेला पैसे घेऊन आली. एका मोठ्या धंद्याची ती सुरुवात होती.

ती माती कुठली, माहीत आहे? इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात. त्या जातीच्या मातीला आपण मुलतानी माती म्हणतो. चेहऱ्यावरचं तेल ओढून घेणारी तीच. म्हणजे कल्पना परदेशी असली तरी पदार्थ आपल्या आजीच्या डब्यातला आहे.

मुलतानी मातीचे दाणे शू शोषतात, पण त्यांचा गोळा होत नाही. ओले दाणे कोरड्यांत मिसळतात आणि तीन-चार दिवसांत सगळा ट्रेच वास मारायला लागतो. १९८०च्या दशकात बेंटोनाइटचं लिटर आलं आणि हा प्रश्न सुटला. बेंटोनाइट हीदेखील मातीच, पण तिच्या सोडियमवाल्या प्रकारात एक गुण आहे. तिचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक असतात. पाणी त्या पत्त्यांमध्ये शिरतं, थर दूर सरकतात, माती फुगते आणि आजूबाजूच्या कणांना चिकटून घट्ट गोळा बनतो. तो गोळा जाळीच्या चमच्याने उचलला की बाकीचं लिटर कोरडं राहतं. आपल्या देशात बेंटोनाइट प्रामुख्याने गुजरातेत, कच्छच्या बाजूला निघतं. त्यामुळे आपल्याकडे हे लिटर सहज मिळतं आणि तुलनेने परवडतं.

जी माती ट्रेमध्ये फुगते ती पाइपमध्येही फुगते, म्हणून हे लिटर संडासात टाकायचं नाही. ‘फ्लश करता येतं’ असं पिशवीवर लिहिलेलं इतर लिटरही मी टाकणार नाही. सोसायटीच्या ड्रेनेजवर इतका विश्वास ठेवणं धाडसाचं आहे.

आता निवड. ती तुमच्या नाकाने, डोळ्यांनी किंवा पिशवीवरच्या चित्राने करायची नाही. मांजराच्या पंजाने करायची. आपल्या घरगुती मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. उकरायचं, बसायचं, झाकायचं, हा त्यांचा क्रम. पंज्याची गादी अतिशय संवेदनशील असते, आणि मांजराला अशी जमीन हवी की जी उकरताना सरकेल आणि टोचणार नाही. मांजरांना वेगवेगळी लिटर देऊन पाहिली गेली आहेत. त्यांत बहुतेकांचा कल बारीक कणांच्या, गोळा होणाऱ्या, बिनवासाच्या मातीकडे दिसतो. साधारण रव्याएवढा कण समजा. तुमचं मांजर मोगऱ्याच्या किंवा तुळशीच्या कुंडीत जात असेल तर तो अपमान समजू नका, ते तुम्हाला आपली पसंती सांगतंय: मोकळी, बारीक, थोडी खोल माती. कुंडीवर मोठे गुळगुळीत गोटे मांडा आणि ट्रेमध्ये तशी माती द्या.

सुवासिक लिटर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. लव्हेंडर, लिंबू, बेबी पावडर हे वास आपल्या समाधानासाठी असतात. मांजराचं नाक जमिनीपासून चार इंचांवर असतं. आपल्याला मंद वाटणारा वास त्याला भपकारा वाटतो. रोज गोळे काढलेत तर सुवासाची गरज पडत नाही, आणि काढले नाहीत तर कुठलाच सुवास पुरत नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात घेते. सिलिकाचे खडे म्हणजे औषधाच्या बाटलीत येते त्या पुडीतलाच पदार्थ. वास चांगला धरतो, धूळ कमी, पण खडे टोकदार असतात आणि पंज्याखाली करकरतात. काही मांजरांना चालतं, काही पाय झटकत निघून जातात. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या, जनावरांच्या पेंडीसारख्या दिसणाऱ्या, स्वस्त आहेत, ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो. वास बरा, पण कोवळ्या पंज्याला त्या जाड लागतात. टोफू लिटर म्हणून जे मिळतं ते सोयाबीनच्या चोथ्यापासून करतात. हलकं, धूळ जवळजवळ नाही, दम्याच्या माणसाला सोयीचं. पण मुंबई, ठाणे, कोकण इथे पावसाळ्यात सांभाळा. ते शेवटी धान्यच. उघड्या पिशवीला बुरशी धरते, किडे लागतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कागदाचं लिटर महाग आणि वासाला कमी, पण सगळ्यांत मऊ. त्याच्याकडे पुढे परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

बांधकामाची वाळू चालते का? चालते, धुऊन-वाळवून. गोळा होत नाही आणि जड असते, एवढंच. पैशाची अडचण असेल तर स्वच्छ वाळू आणि रोजची सफाई हे महागड्या न काढलेल्या लिटरपेक्षा केव्हाही बरं. राख मात्र नको. लाकडाची राख ओली झाली की क्षारयुक्त होते आणि पंजे भाजतात. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना गोळा होणारी माती देऊ नका, ती तोंडात घालतात. त्यांना कागद किंवा गोळा न होणारं काहीही द्या.

मांजराचं मत कसं घ्यायचं? दोन सारखे ट्रे शेजारी ठेवा, दोन प्रकारचं लिटर घाला, दोन आठवडे रोज गोळे मोजा. निकाल आपोआप लागतो. लिटर बदलायचं असेल तर एकदम बदलू नका, जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या.

ट्रेबद्दल दोन शब्द. बाजारातले बहुतेक ट्रे लहान असतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट ट्रे हवा. दुकानात मिळाला नाही तर धुण्याचा पसरट टब घ्या आणि एका बाजूची कड कापून खाली आणा. दोन इंच, जमल्यास त्याहून थोडं जास्त लिटर भरा. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. दोन मांजरं असतील तर तीन. जागा नाही, हे मला माहीत आहे. वन बीएचकेमध्ये तीन ट्रे ठेवा म्हणणं सोपं आहे. निदान दोन ठेवा आणि वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, म्हणजे एक मांजर दुसऱ्याची वाट अडवून बसणार नाही. वॉशिंग मशिनशेजारी नको. मांजर बसलेलं असताना मशीन पिळायला लागलं की ते पुन्हा तिथे पाय ठेवत नाही. आणि जेवणाच्या वाटीशेजारी नको, हे सांगायला नको.

फरशी पुसायला आपल्याकडे घरोघरी फिनेल असतं. फिनॉलच्या जातीची द्रव्यं मोडायला मांजराच्या यकृतात जी रासायनिक सोय लागते ती फार तोकडी असते. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटतं, म्हणजे ते द्रव्य पोटात. ट्रे धुवायला साधा साबण आणि गरम पाणी पुरे. बाहेर शू केली असेल तर एन्झाइमवालं क्लीनर वापरा. ब्लीच नको, शूमधल्या अमोनियाशी मिळून घातक वायू होतो.

एक गोष्ट आज इथून नक्की घरी न्या. ट्रे नेहमी वापरणारं मांजर अचानक बाहेर शू करायला लागलं तर लिटर बदलण्याआधी डॉक्टर गाठा. आणि बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातोय, कुंथतोय, ओरडतोय, थेंबही येत नाहीये, तर सकाळपर्यंत थांबू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असतो. एक-दोन दिवसांत जीव जातो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, आणि एरंडेल पाजत बसतात.

इथे एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे, आताच घेते. “सुनेला दिवस गेले आहेत. नातेवाईक म्हणतात मांजर सोडून या. काय करावं?”

भीती आहे ती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. गर्भवतीला पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरं आहे. पण मांजराच्या बाजूने गणित काय आहे ते बघा. मांजराला हा परजीवी बहुतेक करून शिकारीतून किंवा कच्च्या मांसातून मिळतो. पहिल्या लागणीनंतर साधारण एक ते तीन आठवडे ते विष्ठेतून त्याची अंडी टाकतं. ती अंडी पडल्या पडल्या रोग लावत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे शी रोज काढली तर धोका तिथेच मोडतो. तेव्हा नऊ महिने ट्रे मुलाने साफ करावा. (हशा) खरंच सांगते. दुसरं कुणी नसेलच तर हातमोजे घालून, रोज, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मांजर घरातच ठेवा, कच्चं मांस देऊ नका. आणि भाजी नीट धुवा, मटण नीट शिजवा, कारण माणसाला ही लागण त्या वाटांनीही होते. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. मांजर सोडून यायची गरज नाही.

आता नखं.

ही शस्त्रक्रिया मुख्यतः उत्तर अमेरिकेतली. आपल्याकडे फारशी होत नाही. पण आज ऑनलाइन ऐकणाऱ्यांत अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी आहेत, आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न खरोखर उभा राहतो. घर भाड्याचं, कार्पेट मालकाचं. म्हणून नीट समजून घेऊ.

‘नखं काढणं’ हा शब्दच फसवा आहे. आपलं नख मांसावर बसलेलं असतं, ते निघालं तर पुन्हा येतं. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढतं. नख पुन्हा येऊ नये असं वाटत असेल तर ते हाडच काढावं लागतं. तुमचा हात समोर धरा. प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर, नखासकट, सांध्यातून कापलं, असं समजा. पुढच्या दोन पंज्यांची मिळून दहा पेरं. लेझरने केली तरी कापायची तीच पेरं. लेझरने रक्त कमी जातं, एवढाच फरक. आणि मांजर बोटांवर चालणारा प्राणी आहे. आपण टाच टेकतो, ते टेकत नाही. त्याचा सगळा भार बोटांवर. शेवटचं पेर गेलं की भार उरलेल्या टोकावर येतो, चाल बदलते, पाठीवर ताण येतो.

२०१८ साली ‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’मध्ये एक अभ्यास आला. नखं काढलेली १३७ मांजरं आणि न काढलेली १३७. दोन्ही गटांची तपासणी केली, नखं काढलेल्यांची क्ष-किरण चित्रं काढली. नखं काढलेल्यांपैकी ६३ टक्के मांजरांच्या पंज्यांत त्या हाडाचे तुकडे राहून गेलेले दिसले. पाठदुखीची शक्यता सुमारे तिप्पट, चावण्याची चौपटीहून जास्त, आणि ट्रेबाहेर शी-शू करण्याची सुमारे सातपट.

सातपट! आता कळलं दोन विषय एकत्र का घेतले? सोफा वाचवायला नखं काढली. पंज्यात हाडाची कपची राहिली. त्या पंज्याने खडबडीत लिटर उकरणं म्हणजे चपलेत खडा असताना चालणं. मांजराच्या डोक्यात गणित साधं: ट्रेमध्ये गेलं की दुखतं. मग ते मऊ जागा शोधतं, म्हणजे गादी, सतरंजी, धुवायच्या कपड्यांचा ढीग. नखाने ओरखडता येत नाही म्हणून दाताने चावतं. सोफा वाचला, गादी गेली. आणि गादीवर शू करणारं, चावणारं मांजर फार दिवस घरात ठेवलं जात नाही. ‘नखं काढली नाहीत तर मांजर घराबाहेर जाईल’ असा या शस्त्रक्रियेच्या बाजूचा जुना युक्तिवाद आहे. या आकड्यांपुढे तो मला टिकणारा वाटत नाही.

कायदाही सरकतो आहे. युरोप परिषदेच्या १९८७च्या पाळीव प्राण्यांच्या करारातच यावर बंदी आहे. कॅनडात २०१८ मध्ये नोव्हा स्कोशिया हा बंदी आणणारा पहिला प्रांत ठरला. अमेरिकेत वेस्ट हॉलिवूड शहराने २००३ मध्ये बंदी घातली, राज्यांमध्ये पहिलं न्यूयॉर्क, २०१९ मध्ये, मग २०२२ मध्ये मेरीलँड, नंतर आणखी काही. बहुतेक राज्यांत मात्र ते अजून कायदेशीर आहे. तिथल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये ही शस्त्रक्रिया करू नये असा सल्ला दिला, पण अखेरचा निर्णय डॉक्टरवर सोडला. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी सांगते: मांजराची नखं काढण्याची अट घरमालकाला भाडेकरूवर घालता येत नाही, असा कायदा तिथे २०१३ पासून आहे. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ प्राण्याचा अवयव छाटणं क्रूरतेत मोजतं.

घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर? अमेरिकेतल्या सरकारी आरोग्ययंत्रणेच्या मार्गदर्शनातही अशा रुग्णांसाठी मांजराची नखं काढण्याचा सल्ला नाही. ओरखडे टाळा, नखं कापलेली ठेवा, ओरखडा आलाच तर लगेच धुवा, असं ते सांगतं. आपल्याकडे याला रेबीजची जोड आहे. मांजराला लस दिलेली असू द्या. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि डॉक्टरकडे जा. हळद भरून बसू नका. नखं काढली तरी दात राहतातच.

मग पर्याय काय? मांजर ओरबाडतं का ते आधी बघू. नखावरचं जुनं कवच उतरवायला, झोपेतून उठल्यावर अंग ताणायला, आणि पंज्यातल्या ग्रंथींचा वास लावून ‘ही जागा माझी’ असं लिहून ठेवायला. तिसऱ्या कारणामुळे ते अडगळीच्या खोलीत जाऊन ओरबाडत नाही. पाटी दर्शनी भागातच लावतात. म्हणून तुमचा सोफा.

त्यामुळे खांब सोफ्याच्या शेजारी ठेवायचा, गॅलरीच्या कोपऱ्यात नाही. उंची निदान तीन फूट, मांजर पूर्ण ताणून उभं राहिलं पाहिजे. दुकानातले दीड फुटी, गुलाबी मखमल लावलेले खांब खेळणी आहेत. आणि खांब हलता कामा नये. एकदा अंगावर कलला की विषय संपला. वर दोर गुंडाळायचा. परदेशात सिसल म्हणतात तो दोर म्हणजे आपला घायपाताचा दोर. शेताच्या बांधावर, रेल्वेलाइनच्या कडेला जे काटेरी घायपात दिसतं त्याच्या भाईबंदांचा वाख. हार्डवेअरच्या किंवा दोरखंडाच्या दुकानात विचारा. नाही मिळाला तर काथ्याचा सुंभ चालतो, थोडा लवकर झिजतो. सुताराकडून चार इंची चौकोनी लाकूड, खाली दोन फूट बाय दोन फूट जाड प्लायचा पाट, स्क्रूने घट्ट, आणि दोर अगदी चिकटून चिकटून गुंडाळायचा. काही मांजरांना आडवं ओरबाडायला आवडतं, ती पायपुसण्यावर आणि गालिच्यावर चालवतात. त्यांना जाड गोणपाट फळीवर ठोकून द्या.

मांजराने खांब वापरला की लगेच, त्याच क्षणी, खाऊ द्या. पंजे धरून खांबावर घासू नका, ते त्याला आवडत नाही. सोफ्याच्या ज्या भागावर त्याचा डोळा आहे तिथे काही आठवडे दुहेरी चिकटपट्टी लावा, किंवा घट्ट विणीची चादर ताणून बसवा. ओरडू नका, पाणी मारू नका. त्याने ते एवढंच शिकतं की तुम्ही घरात नसताना ओरबाडावं.

नखं दोन-तीन आठवड्यांनी कापायची. मांजर झोपाळलेलं असताना मांडीवर घ्या, पंज्याचं बोट वर-खाली हलकेच दाबा, नख बाहेर येतं. आत गुलाबी रेघ दिसते, ती रक्तवाहिनी. तिच्या अलीकडे, फक्त टोकाचा पांढरा आकडा कापायचा. पहिल्या दिवशी एकच नख, खाऊ, सुट्टी. अठराच्या अठरा नखं एका बैठकीत कापायचा हट्ट केलात तर पुढच्या वेळी मांजर कपाटावर.

नखांवर चिकटवायच्या मऊ प्लॅस्टिकच्या टोप्याही मिळतात. चार ते सहा आठवडे टिकतात. एखाद्या लग्नसराईत, घरात तान्हं बाळ आलं असताना, त्या उपयोगी आहेत. कायमचा उपाय म्हणून मला त्या किचकट वाटतात, पण शस्त्रक्रियेपेक्षा शंभर वाटांनी बऱ्या.

आपल्याकडे नखं काढत नाहीत म्हणून आपण फार दयाळू, असा समज मात्र नको. आपली जुनी पद्धत पोत्याची. मांजर पोत्यात घालायचं आणि नदीपलीकडे, नाहीतर मासळीबाजारात सोडून यायचं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला तिथे ना भांडता येतं ना पोट भरता येतं. आणि कारण बहुतेक वेळा हेच दोन: घाण करतं, ओरबाडतं. म्हणजे एक टब, एक पिशवी माती, एक खांब.

प्रश्न घेऊ.

“नख ठेवून फक्त आतली शीर कापतात म्हणे, ते चालेल का?” शीर म्हणजे नख बाहेर काढणारा स्नायुबंध. तो कापला की मांजराला नख बाहेर काढता येत नाही, ओरबाडता येत नाही, म्हणून कवच उतरत नाही. नख जाड होत वळतं आणि कधीकधी गादीत रुततं. म्हणजे जन्मभर नखं तुम्हीच कापायची. मग शीर न कापताच कापा की! पशुवैद्यक संघटनाही याची शिफारस करत नाहीत.

शेवटचा प्रश्न ऑनलाइन आला आहे, अमेरिकेतून. “आम्ही निवाऱ्यातून नऊ वर्षांची मांजरी घेतली, आधीच्या घरात तिची नखं काढलेली होती. ती ट्रे सोडून बाथरूमच्या मॅटवर शू करते. काय करू?”

मॅट मऊ आहे, उत्तर त्यात आहे. आधी लघवीची तपासणी करा, या वयात मूत्रपिंडाचा त्रासही असू शकतो. त्याच वेळी पंज्यांचा क्ष-किरण करून घ्या. हाडाचा तुकडा राहिला असेल तर तो काढता येतो, आणि दुखणं असेल तर त्यावर औषध मिळतं. ते डॉक्टरच ठरवतील, माणसाची गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं. सध्याचं लिटर काढून कागदाचं, नाहीतर अगदी बारीक माती घाला. ट्रेची एक कड तीन इंचांपर्यंत खाली आणा, म्हणजे चढताना पंज्यावर भार येणार नाही. तो ट्रे पहिले काही दिवस बाथरूममध्ये, मॅट असते त्याच जागी ठेवा, आणि मॅट उचलून ठेवा. तिला बाहेर मोकळं सोडू नका, झाडावर चढून जीव वाचवायचं साधन तिच्याकडे राहिलेलं नाही. आणि खांब तिलाही द्या. नखं नसली तरी ती पंजे टेकवून अंग ताणेल. तिच्यासाठी दोराऐवजी जाड, मऊ कापड गुंडाळा.